तार तुटली की घंटा वाजली पाहिजे

घरफोडीच्या अलार्मचा इतिहास वाचायला घेतला की चोर फारसे भेटतच नाहीत. भेटतात ते तारमास्तर, लाइनमन, एक पाद्री आणि एक डॉक्टर. चोराला पकडायचं तंत्र वगैरे नंतर. आधी दीडशे वर्षं माणसं झगडत होती ती तारेशी. तार तुटते, तार जमिनीला लागते, तार शेजारच्या तारेला लागते. आणि दर वेळी प्रश्न तोच... हे आपोआप झालं, की कोणी केलं?

विषय डोक्यात शिरायचं कारण साधं आहे. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत, म्हणजे किहीम, वरसोली, अक्षी, नागाव या पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या लोकांची वीकेंडची घरं आहेत. नारळ-सुपारीच्या वाडीत टुमदार घर बांधायचं, शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी संध्याकाळी कुलूप. मग कुलपावर भरवसा नाही म्हणून अलार्म. आणि मग पहाटे तीन वाजता मोबाइलवर मेसेज: झोन ४, टॅम्पर. माणूस दादरला पलंगावर उठून बसलेला, घर शंभर किलोमीटर लांब, आणि "टॅम्पर" या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत बघायला गेलं तर कोणीतरी मुद्दाम केलेली छेडछाड. म्हणजे मशीनने आरोपच केला की हो! सोमवारी मग ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्याकडे चौकशी येते, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ की जरा." :-)

तर मंडळी, मुळापासून सुरुवात करू.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टस पोप नावाचा एक पाद्री होता (आडनावाला जागला म्हणायचा). त्याने २१ जून १८५३ रोजी विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. रचना अगदी सोपी. दार किंवा खिडकी उघडली की दोन धातू एकमेकांना टेकतात, बॅटरीतून प्रवाह वाहतो, विद्युतचुंबक हातोडी हलवतो आणि घंटा वाजते. म्हणजे आपल्या दारावरची बेलच, फक्त बटण दाबायचं काम चोराने करायचं. १८५७ मध्ये एडविन होम्सने पोपकडून हक्क विकत घेतले आणि बोस्टनमध्ये धंदा सुरू केला. १८५९ पासून न्यूयॉर्कमध्ये. हा धंदा असा वाढला की १८७७ मध्ये टेलिफोन नवाकोरा असताना बोस्टनमध्ये होम्सच्या अलार्मच्या तारांवरच टेलिफोन एक्सचेंज चालवून पाहिली गेली. घरोघरी तार आधीच पोचलेली होती ना!

पण पोपच्या रचनेत एक भोक आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ते लगेच दिसेल. एरवी तारेतून काहीच वाहत नाही. सगळं ठीक असलं की शांतता. तार उंदराने कुरतडली तरी शांतता. चोराने बाहेरून तार कापली तर... शांतताच. ज्या प्रोग्रॅमला "एरर आली नाही" आणि "प्रोग्रॅम चालूच नाही" यातला फरक सांगता येत नाही, तसला हा प्रोग्रॅम.

उलटी रचना तारायंत्रवाल्यांकडे तयार होती. अमेरिकेतल्या तारेच्या लाइनींवर प्रवाह सतत वाहता ठेवायचा रिवाज होता. संदेश पाठवायचा म्हणजे तो प्रवाह तोडायचा. युरोपात उलट, संदेशापुरताच प्रवाह सोडायचा. अमेरिकन पद्धतीत बॅटरी जास्त खर्ची पडायची, पण एक मोठा फायदा होता. लाइन तुटली तर दोन्ही टोकांना त्याच क्षणी कळायचं. हेच घरात आणा. सगळ्या दारा-खिडक्यांचे स्विच एकामागे एक जोडून एक बंद साखळी करा आणि तिच्यातून थोडासा प्रवाह अखंड फिरवा. तो प्रवाह म्हणजे तारेचं "आहे, आहे, आहे" असं चाललेलं पुटपुटणं. दार उघडा, साखळी तुटली, घंटा. तार कापा, साखळी तुटली, घंटा. आमच्याकडे सर्व्हर एकमेकांना दर काही सेकंदांनी हार्टबीट पाठवतात, त्याचा हा खापरपणजोबा.

आजही तुमच्या दाराच्या चौकटीतला पांढरा तुकडा याच साखळीतला असतो. आत काचेची बारीक नळी, नळीत दोन लोखंडी पात्या. दारावरचा चुंबक जवळ असला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. हा रीड स्विच १९३६ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवुडने केला, तोही टेलिफोन एक्सचेंजसाठी. बघा, परत तारवालेच.

मात्र या उलट्या रचनेने एक नवीन भानगड उभी केली, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. आता घंटेचा अर्थ "चोर आला" असा राहिला नाही. घंटेचा अर्थ झाला "साखळी तुटली". का तुटली हे तारेला माहीत नसतं.

याचं आपल्या इतिहासातलं सगळ्यात भयंकर उदाहरण दिल्लीचं आहे. रविवार, १० मे १८५७. दिल्लीच्या तार ऑफिसला दुपारनंतर मेरठशी संपर्क मिळेना. ऑफिसात चार्ल्स टॉड हा प्रमुख आणि ब्रेंडिश व पिल्किंग्टन ही दोन पोरसवदा सिग्नलर मुलं. मेरठची लाइन यमुनेखालून केबलने जात होती आणि त्या काळच्या केबलचं इन्सुलेशन कसलं असणार! संशय केबलवर गेला. दोघं मुलं नदीपलीकडच्या केबलघरात गेली आणि तिथून तपासलं. दिल्ली मिळत होती, मेरठ मिळत नव्हतं. म्हणजे केबल निर्दोष, बिघाड पुढे. जरा थांबून कौतुक करावं असं हे काम आहे. लाइन मध्यावर तोडून कोणता अर्धा जिवंत आहे ते बघायचं. बायनरी सर्च दुसरं काय असतं? तपासणी बिनचूक होती. फक्त बिघाड बिघाड नव्हता. मेरठच्या छावणीत बंड पेटलं होतं आणि तार कापलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः लाइन बघायला निघाला आणि वाटेत मारला गेला. मागे राहिलेल्या दोन मुलांनी ऑफिस सोडण्याआधी अंबाल्याला तार केली, आणि पंजाबात इंग्रजांना खबर लागली ती त्या तारेने.

त्या दिवशी दिल्लीत बंद पडलेल्या तारेने अलार्म वाजवलाच होता. ऐकणाऱ्यांनी तो वायरिंगचा फॉल्ट समजून घेतला. आपण अलिबागला बरोबर उलटं करतो, वायरिंगच्या फॉल्टला बंड समजतो. त्या गोष्टीकडे येतोच, पण आधी तारवाल्यांनी यातून वाट कशी काढली ते बघू.

हिंदुस्थानातलं तारखातं उभं केलं विल्यम ओशॉनसी या डॉक्टरने. विलक्षण माणूस. १८३१-३२ मध्ये, ऐन विशीत, कॉलऱ्याच्या रोग्यांच्या रक्तातलं पाणी आणि क्षार कमी होतात हे त्याने मोजून दाखवलं होतं. १८३९ मध्ये कलकत्त्याला तारेचे प्रयोग, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन, आणि १८५५ पर्यंत मुंबई, मद्रास, आग्रा सगळं जोडलेलं. बारीक तार इथल्या पावसात, माकडांत आणि पाखरांत टिकणार नाही म्हणून त्याने आधी चक्क जाड लोखंडी सळया वापरल्या. या खात्यातला पुढचा इलेक्ट्रिशियन लुई श्वेंडलर हा जर्मन. १८७० च्या दशकात त्याने भारत सरकारच्या तारखात्यासाठी लाइन तपासायच्या सूचनांचं पुस्तक लिहिलं. (जाता जाता: कलकत्त्याचं अलीपूर प्राणिसंग्रहालय १८७६ मध्ये सुरू झालं ते याच श्वेंडलरच्या घरच्या प्राण्यांवर. इलेक्ट्रिशियन लोकांचे छंद!)

तारवाल्यांची शिस्त अशी: "लाइन चालत नाही" हे वाक्यच उच्चारायचं नाही. आधी प्रकार सांगा. तार तुटलीय, की जमिनीला लागलीय, की दुसऱ्या तारेला चिकटलीय? तिन्हींची लक्षणं वेगळी, आकडे वेगळे. आणि कोण, का, हे विचारायच्या आधी कुठे ते काढा. "कुठे" काढायला त्यांच्याकडे ब्रिज होता. कल्पना सॅम्युअल ख्रिस्टीची, १८३३ ची. १८४३ मध्ये व्हीटस्टनने ती लोकांपुढे आणली आणि नाव त्याचंच पडलं. समजा दोन गावांमध्ये दोन तारा आहेत आणि एक मध्येच कुठेतरी जमिनीला लागलीय. पलीकडच्या गावाला दोन्ही तारांची टोकं एकमेकांना बांधायला सांगायची, आणि इकडे बसून ब्रिजच्या दोन बाजूंचे रेझिस्टन्स कमीजास्त करत काटा शून्यावर आणायचा. त्या दोघांच्या गुणोत्तरावरून बिघाड किती मैलांवर आहे ते निघतं. याला मरे लूप म्हणतात. यातली गंमत म्हणजे खुद्द बिघाडाचा रेझिस्टन्स उत्तरात येतच नाही. ओली फांदी थोडी टेकली काय नि पुरती टेकली काय, अंतर तेच येतं. पावसाळ्यात दर मिनिटाला बदलणाऱ्या फॉल्टसाठी याहून देखणी युक्ती मला माहीत नाही.

घरात एवढं करायची गरज नसते. अलार्मची नेहमीची बारीक तार किलोमीटरला पन्नासेक ओहम भरते. शंभर मीटर लांबीची जोडी जाऊन-येऊन दहा-अकरा ओहम. घरात मरे लूप लावून मिळणार काय, तर "हॉल की बेडरूम". त्यापेक्षा ब्रेंडिश-पिल्किंग्टनची पद्धत बरी: मधला जॉइंट उघडा, अर्धं तोडा. बारा स्विचच्या साखळीत जास्तीत जास्त चार वेळा तोडलं की गुन्हेगार सापडतो.

आता एक तुकडा राहिला. बंद साखळीलाही फसवता येतं. दाराच्या अलीकडेच दोन तारा एकमेकींना जोडून टाका, मग दार खुशाल सताड उघडा. पॅनेल म्हणतं सगळं छान. त्यावर उपाय म्हणून साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला एक ठरावीक रेझिस्टर बसवतात. २.२ के, ४.७ के, ५.६ के, जसं पॅनेल तसा. आता पॅनेलला तीन उत्तरं ओळखता येतात. आकडा बरोबर, तर ठीक. अनंत, तर तुटलं. शून्य, तर चिकटलं. म्हणजे तारवाल्यांच्या तीन फॉल्टपैकी दोन पॅनेल स्वतःच ओळखतं. दोन रेझिस्टर बसवले तर "दार उघडलं" आणि "तार कापली" हेही वेगळं सांगतं. पण बसवणारे बरेच वायरमन कंटाळा करून हा रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच बसवतात, कारण तिथे जागा असते आणि स्टुलावर चढावं लागत नाही. तसं केलं की तो नसल्यातच जमा. टोकाची चौकी टोकाला नसून फौजदाराच्या टेबलावर! तुमच्या घरी अलार्म असेल तर पॅनेलचं झाकण उघडून एवढं बघाच. झोनच्या स्क्रूखाली रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर ओळीने दिसले तर समजा.

तर अलिबागची गोष्ट. एका मित्राचं घर आहे, समुद्रापासून दोनेकशे मीटरवर. वाडी सांभाळायला एक काका आहेत, तिथलेच, साठीच्या पुढचे. सप्टेंबरअखेरपासून घराचा एकच झोन रात्री वाजू लागला. मेसेज तोच, टॅम्पर. दिवसा वायरमन येऊन बघून गेला: सगळं ओके. पुढच्या आठवड्यात पुन्हा. अलार्म बसवणाऱ्यांचं म्हणणं, आमची सिस्टिम ठणठणीत आहे, कोणीतरी हात लावतंय. आता रात्री त्या वाडीत दुसरं असतं कोण? मित्र चांगला माणूस आहे, उघड काही बोलला नाही. पण फोनवरचा सूर बदलला. "काका, काल रात्री तीनला तुम्ही कुठे होतात?" असं दोन महिने. काकांनी एकदा सांगितलं, "साहेब, मी वायरला हात नाय लावला," आणि मग सांगायचंच सोडलं. दिवाळीनंतर काम सोडायची भाषा करायला लागले. पंधरा वर्षांचं नातं, आणि त्यात दोन रुपयांचा रेझिस्टर येऊन बसला.

मी गेलो तेव्हा पहिल्यांदा पॅनेलमधली नोंद वाचली. सगळ्या वेळा रात्री एक ते सकाळी सातमधल्या. चोर इतका नेमाने येत नाही. काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, दव पडलं की वाजतं. मुसळधार पावसात वाजत नाही, वाऱ्याच्या रात्री वाजत नाही. आभाळ उघडं, वारा पडलेला आणि सकाळी अळूच्या पानांवर पाणी, त्या रात्री वाजतं. दोन महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर सगळं तारखात्याच्या शिस्तीने. झोनच्या मध्यावरचा जॉइंट उघडला, पुढचा अर्धा सोडवला आणि तिथेच तात्पुरता रेझिस्टर लावला. अशा येऊन-जाऊन फॉल्टची पंचाईत ही की एकेका प्रश्नाचं उत्तर यायला अख्खी रात्र लागते. आम्ही तर रविवारी परतणार. मग रेझिस्टर हलवायचं काम काकांनीच केलं, मी फोनवर. चार-पाच रात्रींत बिघाड एका डबीत कोंडला गेला. पश्चिमेच्या भिंतीवर, वळचणीखाली, समुद्राकडे तोंड. पुढच्या शनिवारी डबी उघडली. तारांना नुसता पीळ देऊन वर काळी चिकटपट्टी, बाकी काही नाही. कोरड्यात मीटर २.२ के दाखवत होता. इस्त्रीच्या फवाऱ्याने साधं पाणी मारलं, आकडा घसरत १.४ केवर आला. पॅनेलच्या हिशेबात हे बरोबर उत्तर नाही आणि दार उघडल्याचंही नाही, म्हणून टॅम्पर.

कारण मीठ. चार महिने खारं वारं त्या डबीत मिठाचा थर चढवत होतं. थेट पाऊस लागत नसल्याने तो धुऊन जात नव्हता. आपल्या साध्या मिठाचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि खाली आली की परत कोरडं. पोह्यांवर भुरभुरवायची मिठदाणी पावसाळ्यात का अडते, तेच हे. ऑक्टोबरात दुपारी लाहीलाही, रात्री दव. दुपारी येणाऱ्या वायरमनला मीठ कोरडंच सापडणार. त्याचं "ओके" खोटं नव्हतं. रात्री तीनला मात्र दोन तारांमध्ये खाऱ्या पाण्याचा पूल तयार.

डबीत आणखी एक गोष्ट दिसली, तिचं मला जास्त अप्रूप वाटलं. दोन तारांपैकी धन बाजूची हिरवी पडून केसाएवढी उरली होती, ऋण बाजूची जवळजवळ शाबूत. ओल्या जागी गळणारा प्रवाह धन धातूतून बाहेर पडताना धातूही घेऊन जातो. टेलिफोनवाल्यांना हे माहीत होतं. म्हणून एक्सचेंजची बॅटरी उणे ४८ व्होल्ट असते: धन टोक जमिनीला, तार ऋण, म्हणजे झिजायचंच तर जमिनीतलं अर्थिंग झिजो, हजारो घरांची तांब्याची तार वाचो. त्यांनी पुढे केबलमध्ये जेली भरली, ती पाणी शिरू नये म्हणून. अलार्मच्या जॉइंटलाही तोच इलाज आहे: पीळ नको, डाख द्या किंवा टेलिफोनवाल्यांचे जेली भरलेले कनेक्टर वापरा, आणि डबी घराच्या आतल्या अंगाला घ्या. आम्ही तेच केलं. काका कामावर आहेत. मित्राने त्यांची माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

एक सावधगिरी. गळती बघायला काही वायरमन मेगर आणतात. तो ५०० व्होल्ट सोडतो. तारा पॅनेलमधून आणि सेन्सरमधून सोडवल्याशिवाय तो लावू देऊ नका, नाहीतर फॉल्टसकट पॅनेलही जाईल. १८५८ मध्ये अटलांटिकखालची पहिली केबल क्षीण झाली तेव्हा व्हाइटहाउस नावाच्या गृहस्थाने (हाही पेशाने डॉक्टर!) तिला सुमारे दोन हजार व्होल्टचे झटके दिले. तीनेक आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली.

मीठ सोडून या किनाऱ्यावर दुसरं दुखणं विजेचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि रायगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पॅनेलमधली नेहमीची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी फार तर दोन दिवस ओढते. मग परत पोपची शांतता. बाहेरच्या सायरनला स्वतःची बॅटरी असेल आणि पॅनेलची तार मेली की तो आपणहून बोंबलत असेल, तर निदान गाव जागं होतं. तसला सायरन थोडा महाग पडतो. घ्यावा.

आणि तिसरं दुखणं म्हणजे आपला नसलेला प्रवाह. विहिरीचा पंप चालू झाला की झोन लुकलुकतो, हा अनुभव वाडीवाल्यांना नेहमीचा. सेन्सरची तार लाइटच्या तारेबरोबर एकाच पाइपमधून ओढली, किंवा तिचं वेष्टण दोन ठिकाणी अर्थ केलं, की परका प्रवाह घरात शिरतो. तार तुटलेली नसते, चिकटलेली नसते, मीटर काही दाखवत नाही. या दुखण्याचं मोठं स्मारकच अलिबागेत उभं आहे, आणि बीचवर घोडागाडीत बसून आपण त्याच्याजवळून जातो.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा काढली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद सुरू झाली. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेल्या वादळाने जगभरच्या तारायंत्रांत हलकल्लोळ उडवला. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या आकाशातल्या प्रवाहावर संदेश चालवले. त्या दिवशी कुलाब्याच्या काट्याने सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली. त्या वादळाचा जोर मोजायचा म्हटलं की जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या नोंदीकडे येतात. असले नाजूक काटे शहरात होते, आणि शतक संपता संपता मुंबईत विजेच्या ट्रामची बोलणी सुरू झाली. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून यायचा आणि रुळातून परत जायचा. रूळ जमिनीवर, म्हणून परतीतला काही भाग रूळ सोडून वाट फुटेल तसा मातीतून जाणार. काट्यांना ते पृथ्वीचंच हलणं वाटणार.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस तेव्हा प्रमुख होते. ट्राम थांबवता येणार नव्हती आणि जमीन इन्सुलेट करता येत नाही. मग वेधशाळेचं चुंबकीय काम तीसेक किलोमीटर दक्षिणेला, खाडीपलीकडे हलवलं. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात गेली! (जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये.) अलिबागेत इमारती बांधल्या त्या चुंबकाला प्रतिसाद न देणारा पोरबंदरचा दगड आणून, लोखंड टाळून. तुमच्या दारावरचा रीड स्विचचा चुंबक घेऊन तिथे आत जाता येणार नाही.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं तरी कुलाब्याचं लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडची उपकरणं एकाच वेळी चालू ठेवली, आकडे शेजारी-शेजारी ठेवून फरक काढला, आणि मगच जुनं थांबवलं. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला १५०० व्होल्टची लोकल आली. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, पण तोवर परत जायला कुलाबा उरलंच नव्हतं. अलिबागची नोंद मात्र चालू आहे, १८४१ पासूनची एकच मालिका, मध्ये न तुटलेली.